बहात्तरची खडी आणि आजची रेशनची पाटी

आमच्या बचत गटाच्या बैठकीत धान्याचा विषय निघाला की जुन्या बायका हमखास बहात्तर साल काढतात. लाल मिलोच्या भाकरी, कामावर मिळणारी सुकडी आणि दिवसभर फोडलेली खडी. आज त्याच सालापासून सुरुवात करू.

१९७२ च्या दुष्काळात पीक गेलं, तशी शेतातली मजुरीही गेली. दुकानात धान्य असलं तरी ते घ्यायला हातात पैसा नव्हता. तेव्हा सरकारने गावोगावी कामं काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती आणि त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या. त्याच काळात मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध लाटणे मोर्चे निघत होते. खेड्यातली बाई काम मागत होती, शहरातली बाई भाव विचारत होती. मागणी एकच, चूल पेटली पाहिजे.

यातून रोजगार हमीचा कायदा झाला. वि. स. पागे यांनी त्याचा पाया घातला. १९७७ साली मंजूर झालेला हा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम ही मेहेरबानी राहिली नाही, तो हक्क झाला. मात्र कामं कुठे काढायची हे बहुतेक वेळा तालुक्याला आणि जिल्ह्यालाच ठरायचं.

गावाच्या हाती कारभार आला तो हळूहळू. १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्याने मजुरांची नोंदणी आणि जॉबकार्ड ग्रामपंचायतीकडे दिलं.

मग २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला. त्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य आहे. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या मोठ्या बाईचं नाव लागतं. रेशन दुकानाच्या कारभाराचं सामाजिक अंकेक्षण स्थानिक संस्थेने करायचं, आणि दक्षता समितीत बायका असायच्याच, असंही कायदा सांगतो.

कागदावर एवढं सगळं आहे. तरी म्हाताऱ्या आजींचा अंगठा मशीनवर उमटत नाही, नव्या सुनेचं नाव कार्डात चढत नाही, आणि त्या महिन्याचं धान्य बुडतं. बहात्तर साली गावात धान्याची गाडी कधी येईल, हे गावाला विचारायची सोयच नव्हती. आज ती आहे. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. तिथे आपण तीन गोष्टी विचारू. दुकानाच्या पाटीवर या महिन्याचा साठा लिहिलाय का? दक्षता समितीत कोण कोण आहे? कुणाची नावं राहिली आहेत? उत्तर तोंडी घेऊन घरी यायचं नाही, इतिवृत्तात लिहून घ्यायचं.

आमच्या सासवांनी खडी फोडून हा हक्क मिळवलाय. तो वापरणं आपल्याकडे आहे.