अफगाणिस्तान : आरोग्यव्यवस्थेची फेरउभारणी

तालिबानची पहिली राजवट २००१ च्या अखेरीस कोसळली, तेव्हा अफगाणिस्तानात आरोग्य मंत्रालय होते. आरोग्यव्यवस्था मात्र जवळजवळ उरली नव्हती. १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा देशात शिरल्यापासून दोन दशकांहून अधिक काळ चाललेल्या युद्धात दवाखाने उद्ध्वस्त झाले आणि अनेक डॉक्टर देश सोडून गेले. जी केंद्रे तग धरून होती, त्यांतील बहुतेक स्वयंसेवी संस्था चालवीत होत्या. २००२ मध्ये देशाच्या चार भागांत झालेल्या पाहणीतून दर एक लाख जिवंत जन्मांमागे सुमारे १,६०० मातामृत्यू होत असल्याचा अंदाज काढण्यात आला. बदख्शान प्रांतातील राघ या दुर्गम डोंगराळ जिल्ह्यात तो आकडा ६,५०० वर गेला. एवढे प्रमाण त्यापूर्वी जगात कोठेही नोंदले गेले नव्हते.

मोठी रुग्णालये आधी उभारावीत की खेड्यातील बाळंतपण आधी सुरक्षित करावे, हा प्रश्न नव्या सरकारपुढे होता. शल्यचिकित्सक असलेल्या जनरल सुहैला सिद्दीक त्या वेळी आरोग्यमंत्री होत्या. मार्च २००३ मध्ये मंत्रालयाने ‘मूलभूत आरोग्यसेवा संच’ जाहीर केला आणि कौल खेड्यांच्या बाजूने दिला. माता व बालकांचे आरोग्य, लसीकरण, पोषण, क्षयरोग, हिवताप आणि आवश्यक औषधांचा पुरवठा यांना त्यात अग्रक्रम मिळाला. मानसिक आरोग्य व अपंगत्व यांनाही जागा देण्यात आली. पण अनेक वर्षे युद्ध सोसलेल्या देशात हे दोन विषय प्रारंभी मागच्या रांगेत राहिले, हे खटकणारे आहे.

रचना उतरंडीची होती. सुमारे हजार ते दीड हजार वस्तीसाठी एक आरोग्य ठाणे आणि तेथे एक पुरुष व एक स्त्री असे दोन स्वयंसेवक. त्यावर मूलभूत केंद्र, सर्वंकष केंद्र आणि शेवटी जिल्हा रुग्णालय. खालच्या पायरीवरील या स्वयंसेवकांना पगार नव्हता. देणगीदारांच्या हिशेबात ही काटकसर ठरली. तिचा भार गावातल्या स्त्रीपुरुषांनी उचलला.

खरे वेगळेपण होते ते कारभारात. सेवा कोणत्या द्यायच्या हे मंत्रालयाने ठरवायचे, त्या द्यायच्या मात्र निविदेतून निवडलेल्या स्वयंसेवी संस्थांनी. पैसा मुख्यतः जागतिक बँक, अमेरिका व युरोपीय आयोगाचा. त्यांनी प्रांत वाटून घेतले. परवान, कापिसा आणि पंजशीर येथे मंत्रालयाने स्वतःच केंद्रे चालविली आणि तेथेही सेवांचा वापर वाढला. कामाची तपासणी त्रयस्थाकडे सोपविण्यात आली. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि जयपूरची भारतीय आरोग्य व्यवस्थापन संशोधन संस्था यांनी २००४ पासून प्रांतवार गुणपत्रके तयार केली. औषधे आहेत का, कर्मचारी हजर आहेत का, रुग्ण समाधानी आहे का, हे त्यात पाहिले जाई.

तथापि इमारत आणि औषध असूनही केंद्रात स्त्री कर्मचारी नसेल, तर अनेक कुटुंबे बाईला तेथे पाठवीतच नसत. २००२ मध्ये साऱ्या देशात प्रसाविका, म्हणजे प्रशिक्षित सुइणी, पाचशेहून कमी होत्या. शहरातील मुलगी डोंगरात नोकरीला जाणार नाही, हे ओळखून प्रांताप्रांतांत प्रशिक्षण वर्ग उघडण्यात आले. गावाने मुलगी निवडायची, घरच्यांनी संमती द्यायची आणि शिकून तिने आपल्याच भागात परतायचे, अशी अट होती. शाळेची पुरेशी इयत्ता झालेल्या मुली मिळणे हीच कित्येक ठिकाणी पहिली अडचण ठरली. तरीही पुढील दशकात प्रसाविकांची संख्या काही हजारांवर पोहोचली. संपूर्ण फेरउभारणीतील सर्वांत टिकाऊ गुंतवणूक कोणती, असे विचारल्यास याच वर्गांकडे बोट दाखवावे लागेल.

२०१० च्या पाहणीत मातामृत्यूचे प्रमाण ३२७ निघाले. दक्षिणेतील असुरक्षित भाग त्यात पुरेसे आले नसल्याने या आकड्यावर आक्षेप घेण्यात आले, आणि ते रास्त होते. संयुक्त राष्ट्रांच्या नंतरच्या अंदाजानुसार २०२० मध्येही हे प्रमाण ६२० होते. घट मोठी होती, पण अपुरी. युद्ध तर संपलेच नव्हते. ३ ऑक्टोबर २०१५ रोजी कुंदूझ येथील रुग्णालयावर अमेरिकी विमानाने मारा केला. त्यात ४२ जण ठार झाले.

ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान पुन्हा सत्तेवर आले आणि या व्यवस्थेचे मर्म उघडे पडले. जागतिक बँकेने ‘सेहतमंदी’ या प्रकल्पाचा निधी रोखला. या एका निर्णयाने दोन हजारांहून अधिक केंद्रांचे पगार, औषधे आणि इंधन अडले. सप्टेंबरमध्ये त्यांतील केवळ १७ टक्के केंद्रे पूर्णपणे चालू असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांमार्फत थेट पगार देऊन केंद्रे सावरण्यात आली. २०२५ च्या आरंभी अमेरिकेने मदत थांबविल्यावर शंभराहून अधिक केंद्रे पुन्हा बंद पडली.

पैसा आटला तर तो पुन्हा मिळविता येतो. डिसेंबर २०२४ मध्ये तालिबानने वैद्यकीय संस्थांतील मुलींचे शिक्षण बंद करण्याचा आदेश दिला. त्यात परिचारिकांबरोबर प्रसाविकांचे अभ्यासक्रमही आले. सहावीनंतरची शाळा मुलींना त्याआधीच बंद झाली होती.