लूटी

गेल्या वैशाखात आमच्या घरी एक कुत्री आली. 'कुत्री' म्हणताना जरा अडखळतो, कारण पहिल्याच दिवशी शेजारच्या आजींनी तिला पाहून "मांजर कधी आणलंत?" असे विचारले होते.

कळंबोलीला जिथून पुण्याचा द्रुतगती मार्ग सुरू होतो, तिथे पुलाच्या सावलीत ती सापडली. मोटारीतून आणून सोडली असावी. भटक्या जनावरांची देखभाल करणारी काही कॉलेजची मुले पनवेलात आहेत; त्यांनी तिला उचलून डॉक्टरांकडे नेले. बसके नाक, बटबटीत डोळे, तोकडे वाकडे पाय आणि पाठीवर पंख्यासारखी पडलेली शेपटी. डॉक्टर म्हणाले, ही पेकिनीज, निदान बरीचशी पेकिनीज. इकडे क्वचितच दिसणारी जात. एक डोळा जखमेने गेलेला, निम्मे दात पडलेले. तिने पुष्कळ वेळा पिल्ले घातली असावीत, असेही ते म्हणाले. पिल्ले विकून झाली, कूस थकली, मग सोडून दिली. याहून वेगळे काही घडले असेल असे मला वाटत नाही.

मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकी धरली. पोटासाठी मुले शिकवतो, हौसेसाठी कादंबऱ्या लिहितो. पण घरी पाहुणा आला की त्याचे गावगोत विचारण्याची आपली रीत आहे. तेव्हा या पाहुणीचे गोत शोधायला बसलो.

तिचे माहेर पेकिंगच्या राजवाड्यात निघाले. चीनच्या बादशहांच्या वाड्यात ही कुत्री लाडाने वाढत. १८६० च्या ऑक्टोबरात इंग्रज आणि फ्रेंच फौजा पेकिंगवर चालून गेल्या. बादशहा आधीच जेहोलला निघून गेला होता. शहराबाहेरचा त्याचा उन्हाळी वाडा फौजांनी लुटला आणि नंतर इंग्रजांनी तो जाळला. त्या धामधुमीत तिथे पाच लहान कुत्री सापडली, असे सांगतात. त्यांतली एक कॅप्टन डन नावाच्या अंमलदाराने विलायतेस नेली आणि व्हिक्टोरिया राणीला नजर केली. तिचे नाव ठेवले 'लूटी'. कील नावाच्या चित्रकाराने १८६१ साली तिचे चित्र काढले आणि ती किती लहान हे कळावे म्हणून शेजारी एक फुलदाणी दाखवली. १८७२ साली ती मेली.

'लूटी' या नावापाशी मी थबकलो. लूट हा शब्द आपला. इंग्रजांनी या देशातून जे जे उचलले त्यात हा शब्दही होता, आणि खरे बोलायचे तर त्याला वजन आणून देण्यात पेंढाऱ्यांइतकाच आमच्या मराठी फौजांचाही हात होता. पेकिंगच्या स्वारीत हिंदुस्थानातल्या पलटणीही होत्या. म्हणजे राणीच्या मांडीवरच्या त्या जनावराला इंग्रजी नाव मिळाले ते आमच्या घरचे!

आमच्याकडेही लाडकी कुत्री झाली. साताऱ्याच्या शाहू महाराजांचा खंड्या प्रसिद्ध आहे. शिकारीत वाघाच्या तोंडून त्याने महाराजांचा जीव वाचवला, म्हणून महाराजांनी त्याला जहागीर आणि पालखीचा मान दिला, अशी कथा आहे. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या आपल्या इतिहासात हिची नोंद केली आहे. एकदा भर दरबारात महाराजांनी या कुत्र्याला जरीची वस्त्रे आणि दागिने घालून आपली पगडीही त्याच्याच डोक्यावर चढवली, असेही तो लिहितो. डफसाहेबाला ते वेडाचे लक्षण वाटले. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माहुलीला, खंड्याची म्हणून दाखवतात ती समाधी आजही आहे. मी तिच्यापाशी उभा राहिलो आहे. मला त्यात वेड दिसले नाही.

खंड्याला महाराज होते, लूटीला राणी होती. ज्या कुत्र्याला कोणीच नाही, त्याची हकीकत मला मुंबईच्या १८३२ सालात सापडली.

उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याची मुभा देणारा नियम मुंबईत १८१३ पासून होता. १८३२ साली ही मुदत वाढवून १५ जूनपर्यंत नेली. मारणाऱ्याला कुत्र्यामागे आठ आणे मिळत. आठ आण्यांसाठी माणसे रस्ते सोडून घराच्या ओट्यांवर चढू लागली आणि पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागली. पारशी धर्मात कुत्रा पवित्र. मयताजवळ कुत्रा आणून त्याची नजर प्रेतावर पाडण्याचा 'सगदीद' नावाचा विधी त्यांच्यात आहे. ६ जूनला कोटात पारशी जमावाने कुत्री पकडणाऱ्यांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली आणि कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीकडे जाणारी रसद अडली. हिंदू, जैन, मुसलमानही त्यात मिळाले. अखेर सैन्य बोलावले गेले, धरपकड झाली, आणि गलबला शमला. पुढे दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जिजीभाई आणि मोतीशा शेठ यांनी मुंबईची पांजरपोळ उभी केली. ती पुढे गाईगुरांची म्हणून ओळखली गेली. पण तिच्या जन्मामागे रस्त्यावरची ही बेवारशी कुत्री होती.

आठ आण्यांचा तो आकडा वाचून मी पुस्तक मिटले होते. नऊ-दहा वर्षांचा असताना आमच्या गावात कुत्री मारणारे लोखंडी चिमटे घेऊन आले होते. लाकडाच्या वखारीमागे एक कुत्री व्यालेली मला ठाऊक होती. "कुठे आहे रे बाळ?" एकाने विचारले. मी बोट दाखवले. त्याने मला लिमलेटच्या दोन गोळ्या दिल्या आणि त्या मी खाल्ल्या.

मुंबईने कुत्री मारणे १९९४ साली थांबवले. २००१ च्या नियमांनी मारण्याऐवजी शस्त्रक्रिया करून, लस टोचून, पुन्हा जागच्या जागी सोडण्याची रीत देशभर आणली. पाळलेले जनावर टाकून देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा ठरला, पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! कळंबोलीच्या नाक्यावर तेवढ्यात दोन वडापावसुद्धा धड येत नाहीत. कुत्र्यांची पैदास आणि विक्री करणाऱ्यांनी नोंदणी केली पाहिजे, असे २०१७ चे नियम सांगतात. आमची पाहुणी कोणाच्या वहीत नोंदलेली होती, ते देव जाणे.

तिला घरी आणण्यापूर्वी त्या मुलांपैकी एक मुलगी आमचे घर पाहायला आली. मुलीच्या स्थळाची पाहणी करतात तशी तिने पंखा पाहिला, जिना पाहिला, दुपारी घरी कोण असते ते विचारले. "काका, बसक्या नाकाच्या कुत्र्यांना ऊन सोसत नाही. आणि हिचं वय झालंय. नीट विचार करून सांगा." मग तिने एक छापील कागद पुढे केला. त्यात एक प्रश्न होता : यापूर्वी घरात जनावर होते का? असल्यास त्याचे काय झाले? मी 'नव्हते' असे लिहिले. खोटे लिहिले नाही. पण अक्षर नेहमीसारखे आले नाही.

रात्री वखारीमागची गोष्ट सौ.ला सांगितली. लग्नाला वीस वर्षे झाली, पण हे कधी बोललो नव्हतो. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "उद्या हिला आणायला मीही येते."

नाव लूटी ठेवावे, असे माझ्या मनात होते. सौ.ने ते उडवून लावले. "अहो, चोरीचं नाव कशाला? तिची लूट करणारे करून गेले." आता तिला ठमी म्हणतात. रात्री ती माझ्या वह्यांच्या गठ्ठ्याला टेकून घोरते, आणि दहा वाजले की उरलेल्या डोळ्यात औषध घालायला मला उठावे लागते.