फाटलेलाच ऐकतोय

मे महिना, दुपारचे अडीच. पुंडलिकनगरात गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत तुम्ही बनियनवर बसला आहात. पंखा बंद, कारण त्याच्या वाऱ्याने सोल्डरिंग आयर्नचं टोक निवतं आणि टाका कोरडा बसतो. गजानन महाराज मंदिराच्या रस्त्यावरून रिक्षांचे हॉर्न ऐकू येताहेत. बाहेर ४२ अंश, आणि पत्र्याखाली किती ते मोजायची तुमची हिंमत नाही.

समोर उघडा पडलाय अ‍ॅल्युमिनियमचा एक डबा. आत दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट. गिटारचा आवाज एका बाजूने आत जातो, दुसऱ्या बाजूने फाटून बाहेर पडतो. या पेडलला फझ म्हणतात. सकाळी सातला तो छान गुरगुरत होता. आता तार छेडली की थुंकल्यासारखा आवाज येतो आणि मध्येच विझतो.

मल्टिमीटर लावा. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर ४.५ व्होल्ट हवेत, ९ व्होल्टच्या बॅटरीचे बरोबर निम्मे. मीटर ७ दाखवतोय.

टाके पुन्हा मारत बसू नका, ते ठीक आहेत. हे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे आहेत, एसी १२८, आणि जर्मेनियमला ऊन सोसत नाही. तापमान आठ-दहा अंशांनी चढलं की त्यातून उगाच झिरपणारा प्रवाह साधारण दुप्पट होतो. मीटरच्या खोबणीत ट्रान्झिस्टर लावून नुसता चिमटीत धरला तरी बोटांच्या उबेने आकडा चढतो, हे तुम्ही पाहिलंय. सिलिकॉनचे लावले असते तर ही कटकट बरीच कमी झाली असती. पण तुम्हाला हवी होती ती जुनी, जरा लोकरीसारखी खरखर. मग भोगा.

हे दोन जण आले कुठून, तेही आठवा. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात, जुन्या मिक्सरच्या भांड्यांखाली एक मुका ट्रान्झिस्टर रेडिओ पडला होता. घरी आणून उघडलात तर स्पीकरच्या आधीच्या टप्प्यात ही जोडी उभी होती, अंगाला पत्र्याची क्लिप चिकटवलेली. काढताना प्रत्येक पाय पकडीत धरलात, म्हणजे आयर्नची आच पकडीने प्यावी, ट्रान्झिस्टरने नाही. (वाल्व्हचा रेडिओ मात्र असा हौसेने उघडू नका. बंद असला तरी त्याचे कपॅसिटर झटका देतात.)

झाकण लावलेलं नाही, त्यामुळे सर्किटला आडोसा नाही. इनपुटच्या वायरला बोट लावा. आधी विजेच्या लाइनीची ५० हर्ट्झची घरघर येते. मग त्या घरघरीच्या मागून कुणीतरी बोलायला लागतं. फझला कधी कधी मिडियम वेव्ह ऐकू येते, दचकू नका.

बोट काढू नका.

बुधवार, रात्रीचे आठ, साल १९७२. शहर हेच, नाव तेव्हा औरंगाबाद. तुम्ही गुलमंडीवर एका दुकानाच्या फळीला टेकून उभे आहात. पाऊस पाठ फिरवून गेलाय, गिऱ्हाईक नाही. फळीवरच्या रेडिओतून अमीन सायानी बोलताहेत आणि चार माणसं हात बांधून ऐकताहेत. ‘दम मारो दम’ सुरू होतं. सुरुवातीची ती गिटार भूपिंदर सिंग यांची. पण ती तुम्ही कॅसेटवर, मोबाइलवर ऐकली तशी ऐकू येत नाही. रेडिओचे सेल उतरलेत. दुकानदाराने आवाज चढवलाय, सेलना तेवढा जोर नाही, म्हणून प्रत्येक लाटेचा शेंडा छाटला जातोय. फझच्या पेडलमध्ये याहून फार वेगळं काही होत नाही.

तुम्ही कान रेडिओच्या जाळीला लावता.

“पाव्हणं, काय ऐकताय येवढं? आवाज फाटलाय त्याचा.”

“फाटलेलाच ऐकतोय.”

दुकानदार तुमच्याकडे नीट बघतो. “सेल उतरलेत. उद्या उन्हात ठेवतो, येईल सुधारून.”

त्या पेटीत, मागच्या झाकणाआड, बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा एसी १२८ आहे. दुकानदाराला सांगावंसं वाटतं की ही खराबी जपून ठेवा, पुढे लोक यासाठी पैसे मोजतील. मुंबईत अ‍ॅनिमल फॅक्टरी अ‍ॅम्प्लिफिकेशन नावाची कंपनी अशाच खराबीची पेडल बनवून विकेल. नका सांगू. दुष्काळाच्या वर्षात असलं बोलणं शोभत नाही.

व्हॉल्यूमचा पॉट जरा पुढे फिरवा.

पुन्हा पत्र्याचं छप्पर, पण अर्धगोल. अमेरिकेतलं नॅशव्हिल, लष्कराकडून उरलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये थाटलेला स्टुडिओ. त्याला क्वॉन्सेट हट म्हणतात. मार्टी रॉबिन्स ‘डोंट वरी’ गातोय. १९६१ मध्ये हे गाणं बाजारात येईल. ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बास वाजवतो आणि त्याची जागा येते तेव्हा मिक्सिंग कन्सोलचा एक चॅनल दगा देतो. बासच्या जागी भुंगा अडकल्यासारखा आवाज. सगळे थबकतात. पुन्हा घ्यायचं? बराच खल होतो आणि भुंगा तसाच ठेवला जातो. इंजिनीअर ग्लेन स्नॉडी नंतर तो बिघाड मुद्दाम घडवून आणणारी पेटी बनवतो. १९६२ मध्ये गिब्सन कंपनी ती ‘माएस्ट्रो फझ-टोन’ नावाने विकायला काढते: तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि दीड-दीड व्होल्टचे दोन सेल. सुरुवातीला फारसं कुणी विचारत नाही. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सचं ‘सॅटिसफॅक्शन’ येतं आणि दुकानांतला माल संपतो.

थोडं पुढे, लंडन. इथे थांबू या, कारण इथली थंडी महत्त्वाची आहे. १९६६ मध्ये आर्बिटर कंपनीने ‘फझ फेस’ काढलाय, ताटलीसारख्या गोल डब्यात. तुमच्या डब्यातलं सर्किट याचंच. पण एकाच कंपनीच्या दोन पेट्या सारख्या वाजत नाहीत. जर्मेनियमच्या प्रत्येक दाण्याचा गुण वेगळा. म्हणून जिमी हेंड्रिक्ससाठी बऱ्याच पेट्या वाजवून त्यांतली एक निवडावी लागते. रॉजर मेयर हा तरुण, जो ब्रिटिश नौदलाच्या खात्यात ध्वनीचं काम करायचा, पेट्या उघडून रेझिस्टर बदलून बघतो. पेडल ‘मॉड’ करणं म्हणतात ते हेच. खोली गार आहे. ट्रान्झिस्टर शांत आहेत. पुंडलिकनगरातल्या मे महिन्याचा विचार या टेबलावर कुणीही केलेला नाही.

“पाणी आलंऽऽ! मोटर लाव!”

खालून आईची हाक. बोट वायरवरून सुटतं. किती दिवसांनी आलंय, लंडन गेलं खड्ड्यात. तुम्ही धावत खाली जाता, मोटर लावता, पिंपं भरता आणि घामाने निथळत परत वर येता तेव्हा साडेचार झालेत. गल्लीतून कुणातरी नवरदेवाचा परण्या निघालाय. गाडीवर भोंगे आणि बेंजो पार्टी. हा बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेला जपानी ताइशोगोतो, १९१२ मध्ये नागोयात जन्मलेला. आपल्याकडे येऊन त्याला पिकअप बसला आणि अ‍ॅम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळून तो वाजवायची रीत पडली. ऐका: शेंडे छाटलेले, कडा करवतीसारख्या. माझं मत विचाराल तर महाराष्ट्राने फझ कधी आयात केलाच नाही. तो वरातीत नाचत होता, आपण फक्त त्याला फझ म्हणत नव्हतो.

आता काम. पहिल्या दुरुस्तीला पैसे लागत नाहीत: डबा माठाच्या कडेला टेकवून पाच मिनिटं ठेवा, पाणी आत जाऊ देऊ नका. मीटर ७ वरून ६ वर येईल, पण त्याखाली लवकर उतरणार नाही. दुसरी कायमची: दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला लावलेला ८.२ किलोओहमचा रेझिस्टर काढा आणि त्या जागी २० किलोओहमचा प्रीसेट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा रेझिस्टर, टाका. हळूहळू रोध वाढवत न्या. ६. ५.२. ४.५. थांबा. तार छेडा. बेंजो गल्लीच्या टोकाला पोचलाय, आणि खोलीतलाही आवाज आता फाटतोय, हवा तसा.

झाकणाला प्रीसेटच्या समोर एक भोक पाडून ठेवा. उद्या सकाळी सातला, गारव्यात, हाच आकडा ४.५ च्या खाली घसरलेला असेल. स्क्रूड्रायव्हर हाताशी असू द्या.