लॅपटॉपवर वायफाय रखडतंय? केबलवाल्याला फोन करण्याआधी हे तपासा

अर्जाची शेवटची तारीख, पोरगं लॅपटॉप उघडून बसलेलं आणि पडद्यावर नुसतं गोल फिरतंय, हे चित्र आता गावोगावचं झालंय. अशा वेळी पहिला फोन केबलवाल्याला जातो. तो येऊन 'लाइन ओके आहे' म्हणतो आणि निघून जातो. अनेकदा त्याचं म्हणणं खरंही असतं. नेट घरापर्यंत नीट येतं. अडकतं ते राउटर ते लॅपटॉप या वीस-पंचवीस फुटांत.

त्यामुळे आधी दोष कुठल्या टप्प्यात आहे ते ठरवावं. लॅपटॉप राउटरला लॅनच्या वायरने थेट जोडावा आणि स्पीड टेस्ट घ्यावी. त्या वेळी घरातले बाकीचे मोबाइल, टीव्ही वायफायवरून काढून ठेवावेत. वायरवर स्पीड पुरता मिळाला तर लाइन चांगली आहे. वायरवरही कमीच मिळाला तर मात्र केबलवाल्याला खुशाल धरावं. वायर नसेल तर लॅपटॉप राउटरपासून पाच-सहा फुटांवर नेऊन बघावा. त्याच जागी मोबाइल पळतो आणि लॅपटॉप रखडतो, असं असेल तर दुखणं लॅपटॉपचं.

आकड्यांचा घोळही समजून घ्यायला हवा. 40 एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे सेकंदाला 40 मेगाबिट. फाइल उतरवताना दिसतात ते बहुतेक मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे तिथे 5 दिसले तरी स्पीड पूर्ण मिळतोय. यावरून उगाच भांडणं होतात.

खरी गंमत घराच्या बांधणीत आहे. दीड-दोन फुटी दगडी किंवा मातीची भिंत लहरी खाते. लोखंडी कपाट, धान्याची पत्र्याची कोठी, पत्र्याचं पार्टिशन यांवरून त्या परततात. भरलेली पाण्याची टाकीही लहरी शोषते. आणि राउटर नेमका कुठे असतो, तर वायर आत आली त्या कोपऱ्यात, कपाटामागे! तो मोकळ्यावर, माणसाच्या उंचीला, घराच्या मध्याकडे आणला तरी बराच फरक पडतो. एक खर्च न करता होणारं काम आहे, पण तेच कुणी करत नाही.

हल्लीच्या बऱ्याच राउटरवर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतात. 5 चा पट्टा वेगवान, पण भिंतीपलीकडे लवकर दमतो. 2.4 चा लांब जातो, पण त्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह यांची गर्दी. एकाच खोलीत असाल तर 5 निवडा, पलीकडच्या खोलीत 2.4. स्वस्तातल्या जुन्या लॅपटॉपला 5 चा पट्टा दिसतच नाही, तो बिघाड नव्हे. बाजारपेठेत दाटीच्या घरात 2.4 चं चॅनल 1, 6 किंवा 11 यांपैकी जे मोकळं असेल त्यावर ठेवावं.

यानंतर लॅपटॉप. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात नेटवर्कच्या रकान्यावर क्लिक केलं की नेट कोण खातंय ते वर येतं. बहुतेकदा विंडोजचं अपडेट नाहीतर फोटो वर चढवणारं वनड्राइव्ह सापडतं. घाईच्या दिवशी वायफायच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू केलं की अपडेटचा बराचसा भार थांबतो. काम झालं की ते आठवणीने बंद करावं. चार्जर लावल्यावर नेट सुधारत असेल तर बॅटरी सेव्हर वायफायची ताकद कमी करतोय, असं समजावं.

ज्या वस्तीवर फायबर नाही, तिथे मोबाइलचं हॉटस्पॉटच आधार. दिवसाचा डेटा संपला की स्पीड मुंगीच्या पावलांनी चालतो, ते आधी बघा. फोन चार्जिंगच्या, पण डेटा जाणाऱ्या वायरने लॅपटॉपला जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं तर वायफायची गर्दी टळते. त्यातही फोन खिडकीत, टॉवरच्या दिशेला ठेवून लांब वायर वापरलेली बरी.

तक्रार करावीच लागली तर वायरवर घेतलेल्या टेस्टचे सकाळचे आणि रात्रीचे आकडे वेळेसह लिहून ठेवावेत. फायबरच्या डब्यावर लॉसचा दिवा लाल लागला असेल तर तेही सांगावं. तो लाल असेल तेव्हा फायबरमधून सिग्नलच येत नसतो. भिंतीकडून डब्यात जाणारी बारीक वायर कुठे दुमडली किंवा उंदराने कुरतडली आहे का, तेवढं तोवर बघून घ्यावं.