जुनी वृत्तपत्रे (इतिहासाचे साधन)

जुनी वृत्तपत्रे ही गतकाळातील एखाद्या दिवसाचे लोकजीवन जाणून घेण्याचे महत्त्वाचे साधन होय. राजकीय इतिहासग्रंथांत सहसा न आढळणारे बाजारभाव, पाऊसपाणी, साथीचे रोग, जत्रा, नाट्यप्रयोग, निधनवार्ता व जाहिराती यांच्या नोंदी त्यांत मिळतात.

मराठी वृत्तपत्रे

बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत दर्पण हे पहिले मराठी वृत्तपत्र सुरू केले. पुण्यातील ज्ञानप्रकाश (स्थापना १८४९) शंभर वर्षांहून अधिक काळ चालले. केसरीचा पहिला अंक १८८१ मध्ये निघाला. अशा दीर्घायुषी पत्रांच्या संचांवरून पुण्यामुंबईतील दैनंदिन घडामोडींचा मागोवा घेता येतो.

शहागडचे उदाहरण

मराठवाड्यातील गावांसाठी हा शोध अधिक कठीण ठरतो. गोदावरीकाठचे शहागड आज जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात आहे. परंतु हा जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीची बातमी औरंगाबाद जिल्ह्याच्या वृत्तांत शोधावी लागते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. तेथे मराठी पत्रे मोजकीच होती व त्यांवर कडक निर्बंध होते. आ. कृ. वाघमारे यांनी सुरू केलेले मराठवाडा हे पत्र संस्थानाबाहेर, पुण्यातून प्रसिद्ध होत असे.

वापर व मर्यादा

अंकावरील दिनांक प्रकाशनाचा असतो. घटना त्याआधीची असते. साप्ताहिकांत हे अंतर वाढते. शहागड, शहागढ अशी नावाची भिन्न रूपेही तपासावी लागतात. जाहिरातीतील मजकूर हा विक्रेत्याचा दावा असतो, तर बातमीत संपादकाचा कल उतरलेला असू शकतो. म्हणून दुसरे पत्र, शासकीय दफ्तर वा मौखिक आठवणी यांच्याशी पडताळणी आवश्यक ठरते. बातमी न सापडणे हा घटना न घडल्याचा पुरावा नव्हे. वार्ताहर नसलेल्या खेड्यांतील, तसेच स्त्रिया, शेतमजूर व वंचित जातींच्या जीवनातील अनेक घटना छापल्याच गेल्या नाहीत.

जतन

लाकडाच्या लगद्यापासून बनलेला वृत्तपत्राचा कागद कालांतराने पिवळा व ठिसूळ होतो. त्यामुळे ग्रंथालये सूक्ष्मपट व संगणकीय प्रती तयार करतात. १९५४ च्या ग्रंथ-प्रदान कायद्याच्या कक्षेत १९५६ पासून वृत्तपत्रेही आली. त्यानुसार कोलकाता येथील राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना अंक पाठविणे प्रकाशकांवर बंधनकारक झाले.