राजभाषेचा आकडा

दर सप्टेंबरच्या सुमाराला आमच्या बँकेत दोन पंधरवडे येतात. एक पितृपंधरवडा आणि दुसरा हिंदी पंधरवडा. दोहोंत साम्य पुष्कळ. एरवी वर्षभर ज्यांची आठवण नसते, त्यांना पाटावर बसवून गोडधोड वाढायचे आणि सोळाव्या दिवशी पाट उचलायचा! फळ्यावर 'आज का शब्द' लिहिला जातो, निबंधस्पर्धा होते, स्टीलचे डबे वाटले जातात, आणि मग सगळे 'अहो, ती एन्ट्री रिव्हर्स करा' या आपल्या मूळ भाषेकडे वळतात.

हा मुहूर्त सप्टेंबरातच का, म्हणून मी जरा वाचत बसलो. मी पडलो बी.कॉम., इतिहासाशी माझे नाते सनावळीपुरते. पण वाचता वाचता ध्यानात आले की, राजभाषेचा इतिहास हा व्याकरणाचा नाहीच मुळी, तो जमाखर्चाचा आहे.

पहिली नोंद १० डिसेंबर १९४६ ची. घटना समितीचा जेमतेम दुसरा दिवस. झाशीचे र. वि. धुळेकर उठले आणि हिंदुस्थानीत बोलू लागले. तात्पुरते अध्यक्ष सच्चिदानंद सिन्हा म्हणाले, इथे पुष्कळांना हिंदुस्थानी समजत नाही. त्यावर धुळेकरांचे म्हणणे पडले की, ज्यांना ती येत नाही त्यांना या देशात राहण्याचाच हक्क नाही! आता आडनाव पाहा: धुळेकर. आपला माणूस परमुलखात रुजला की तिथल्यांपेक्षा जास्त तिथला होतो, तो असा. पुढे १९४८ च्या नोव्हेंबरात मद्रासच्या टी. टी. कृष्णम्माचारींनी उलट सवाल टाकला की, तुम्हाला अवघा भारत हवा आहे की नुसता हिंदी-भारत?

शेवटी १९४९ च्या सप्टेंबरात तीन दिवस खडाजंगी झाली, आणि त्यात सगळ्यांत मोठे भांडण कशावरून? आकड्यांवरून! हिंदी देवनागरीत लिहायची हे मान्य, पण आकडे कोणते? दक्षिणेकडची मंडळी म्हणाली, भाषा घ्या, लिपी घ्या, आकडे तरी आमच्या ओळखीचे ठेवा. पुरुषोत्तमदास टंडन म्हणाले, लिपी आमची आणि आकडे परके, हे कसे? मग कन्हैयालाल मुनशी आणि गोपालस्वामी अय्यंगार यांनी तोडगा काढला, आणि १४ तारखेला तो मंजूर झाला. घटनेच्या ३४३ व्या कलमात शब्द आले: 'भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप'. म्हणजे आपल्याच घरचे पातेले अरबांनी नेले, त्यांच्याकडून ते युरोपात गेले, आणि कल्हई होऊन परत आल्यावर आपण म्हटले, हे आमचेच हो, फक्त जरा परदेशी जाऊन आले आहे!

हसू नका. एवढ्या विद्वानांनी आकड्यांवर घसा कोरडा का केला, हे काउंटरवर बसणाऱ्याला लगेच कळते. पैसे काढायला येणाऱ्या कित्येक आजीबाई स्लिप माझ्याकडून लिहून घेतात. अक्षराला अक्षर लागत नाही त्यांना. पण रक्कम मात्र स्वतः तपासतात. पाचावर शून्ये तीन की दोन, या बाबतीत त्यांचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही! निरक्षर माणूसही आकडा ओळखतो. म्हणून आकडा बदलणे म्हणजे थेट त्याच्या कनवटीला हात घालणे. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजाराची गुलाबी नोट आली आणि तिच्यावर '२०००' असा देवनागरी आकडा छापला, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली: हे ३४३ व्या कलमात बसते का? आमच्या रांगेत सुट्ट्यांवरून हाणामारीची वेळ, आणि तिकडे सदुसष्ट वर्षांपूर्वीचा वाद पुन्हा उभा!

आणखी एक नोंद. डॉ. आंबेडकरांनी १९५५ मध्ये लिहून ठेवले आहे की, काँग्रेस पक्षाच्या बैठकीत हिंदीचा प्रश्न मतास टाकला तेव्हा ७८ विरुद्ध ७८ अशी बरोबरी झाली, आणि पुन्हा मते घेतली तेव्हा हिंदी ७८ विरुद्ध ७७ अशी जिंकली. एका मताने! बँकेत एका रुपयाचा फरक आला तर तो सापडेपर्यंत आम्हाला घरी सोडत नाहीत. या एकाचा फरक देश अजून शोधतो आहे. आणि हेही सांगून ठेवतो की घटनेत 'राष्ट्रभाषा' असा मान कुठल्याच भाषेला दिलेला नाही. हिंदी आहे ती संघराज्याची राजभाषा. हे मी पंधरवड्यातल्या निबंधात लिहिले होते. डबा मिळाला नाही.

तर घटनेने इंग्रजीला पंधरा वर्षांची मुदत दिली. १९५० साली ठेवलेली मुदत ठेवच ती! मध्ये १९५५ साली आपल्या बाळासाहेब खेरांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याच्या अहवालाला सुनीतिकुमार चटर्जी आणि पी. सुब्बरायन यांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या. १९६३ च्या राजभाषा कायद्यात लिहिले की, मुदत सरल्यावरही इंग्रजी वापरता 'येईल'. इंग्रजीत शब्द होता 'मे'. दक्षिणेने विचारले, 'मे' का? 'शॅल' का नाही? 'येईल'चे 'येणार नाही' व्हायला कितीसा वेळ लागतो? नेहरूंनी दिलासा दिला, पण ते १९६४ च्या मे महिन्यातच गेले, आणि 'मे'चा अर्थ सांगणारे कुणी उरले नाही.

२६ जानेवारी १९६५ ला ठेवीची मुदत भरली आणि मद्रास राज्य पेटले. विद्यार्थी रस्त्यावर आले, कुणी स्वतःला जाळून घेतले, गोळीबारात माणसे मेली. या पोरांचे हिंदीशी काही वैर नव्हते. उद्या सरकारी नोकरीची परीक्षा हिंदीत झाली, तर शेजारच्या प्रांतातला मुलगा आईच्या भाषेत पेपर लिहिणार आणि आपण परक्या भाषेत, हा साधा हिशेब त्यांना कळत होता. पुढे १९६७ च्या दुरुस्तीने 'मे'च्या जागी पक्की हमी आली, तेव्हा कुठे सगळे निवले.

मग शाळांसाठी त्रिभाषा सूत्र आले, १९६८ च्या शैक्षणिक धोरणात. उत्तरेने दक्षिणेची भाषा शिकावी, दक्षिणेने हिंदी. कागदावर बेरीज झकास! तमिळनाडूने दोनच भाषा ठेवल्या, आणि उत्तरेत पुष्कळ ठिकाणी तिसऱ्या भाषेच्या जागी संस्कृत बसवली. संस्कृतला बिचारीला विचारायला दक्षिणेतून कोण येणार?

आणि आपण तरी कुठे मागे आहोत! १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी 'अनिवार्य' झाली. गदारोळ उठल्यावर १७ जूनला 'अनिवार्य' जाऊन 'सर्वसाधारणपणे' आले. दुसरी भाषा हवी तर वर्गात किमान वीस मुले दाखवा, ही अट सोबत होतीच. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले. पहिलीतल्या पोराला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही, आणि त्याच्या पाठीवर आपण 'मे' आणि 'शॅल' दोन्ही लादायला निघालो होतो. तेच पोर गल्लीत क्रिकेट खेळताना मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्हींत तंटा करते, कुठलाही जी.आर. न वाचता. पहिलीत त्याला हवे असते ते इतकेच, की बाई बोलतात ते घरच्यासारखे कळावे.

सरकारी चालढकलीला मी काउंटरच्या आतून आणि बाहेरून भरपूर शिव्या दिल्या आहेत. पण या एका बाबतीत तिचे उपकार मानावेत असे वाटते. भाषा शिकायची तर माणूस गरजेने शिकतो, नाहीतर प्रेमाने. हुकमाने शिकतो ते फक्त भांडणे. पंधरा वर्षांची ती ठेव अजून चालू आहे. कधी हिंदीवाले कुरकुरतात, कधी तमिळवाले, कधी आपण. पण मुदतीआधी मोडायला गेले की दंड बसतो, आणि तो भरायला भलताच माणूस रांगेत उभा असतो.