गाडी मालाची, जोखीम माणसांची: टेम्पोच्या कर्जाचा आणि विम्याचा इतिहास

१/ एकाच कारखान्यातून निघालेल्या, एकाच बांध्याच्या दोन व्हॅन शेजारी शेजारी उभ्या आहेत, अशी कल्पना करा. एकीची नंबरप्लेट पांढरी, दुसरीची पिवळी. पहिली खासगी, दुसरी मालवाहू. दोहोंच्या कर्जाच्या अटी निराळ्या, विम्याचा हप्ता निराळा. आणि दुर्दैवाने अपघात झालाच, तर आत बसलेल्या माणसाच्या पदरी पडणारा न्यायही निराळा. हा भेद आला कोठून? #धागा

२/ थोडक्यात उत्तर असे: गाडी कशी आहे, यापेक्षा तिचा वापर कशासाठी होतो, हा प्रश्न सावकाराने आणि विमेकऱ्याने प्रथमपासून महत्त्वाचा मानला. खरेदीच्या दिवशी कागदावर लिहिलेले त्याचे उत्तर पुढे अनेक कुटुंबांचे भवितव्य ठरवून गेले.

३/ आज कर्ज एका टेबलावर मिळते आणि विमा दुसऱ्या. प्राचीन काळी हे दोन्ही व्यवहार एकच होते. याज्ञवल्क्यस्मृतीत तारण ठेवलेल्या कर्जाचा दर दरमहा ऐंशीवा भाग, म्हणजे शेकडा सव्वा. पण अरण्यातून माल नेणाऱ्या व्यापाऱ्याला तोच दर दरमहा शेकडा १०, आणि समुद्रावर जाणाऱ्याला शेकडा २०! कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही अरण्य आणि समुद्रासाठी हेच आकडे आढळतात.

४/ एवढे जबर व्याज कशासाठी? वाटेत चोर, वाघ, वादळ. मुद्दलच बुडण्याचे भय. म्हणजे त्या व्याजात पैशाचे भाडे थोडे आणि धोक्याची किंमत फार होती. आजच्या भाषेत सांगायचे, तर विम्याचा हप्ता व्याजातच मिसळलेला होता.

५/ पुढे हीच कल्पना ‘जोखमी हुंडी’च्या रूपाने अधिक रेखीव झाली. माल पाठवणारा व्यापारी माल घेणाऱ्यावर हुंडी लिही आणि ती सराफाला विकून रोख रक्कम उचली. माल सुखरूप पोचला, तरच हुंडीचे पैसे द्यायचे; वाटेत बुडाला, तर नुकसान हुंडी विकत घेणाऱ्याचे. एकाच कागदात भांडवलही आले आणि विमाही.

६/ या व्यवस्थेत एक गोष्ट मात्र नव्हती. जोखीम होती ती मालाची. तांड्याबरोबर चालणारा गाडीवान, हमाल, वाटेत सोबत घेतलेला पांथस्थ यांचा त्या कागदात उल्लेख नव्हता. ही उणीव लक्षात ठेवा. धाग्याच्या उत्तरार्धात ती पुन्हा भेटणार आहे.

७/ आता एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये जाऊ. कारण आपल्या मोटारकर्जाचा आधुनिक साचा तिथला आहे. कोळसा वाहून नेण्यासाठी खाणमालकांना रेल्वेच्या वाघिणी हव्या होत्या, पण एकरकमी पैसा नव्हता. १८५५ साली स्थापन झालेल्या बर्मिंगहॅम वॅगन कंपनीसारख्या संस्थांनी वाघिणी हप्त्यांवर द्यायला सुरुवात केली. भाडेखरेदीच्या पद्धतीचा एक उगम असा थेट मालवाहू गाडीत आहे.

८/ भाडेखरेदीतील मेख अशी की, शेवटचा हप्ता फिटेपर्यंत वस्तूचा मालक देणारा; घेणारा केवळ भाडेकरू. १८९५ साली ‘हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज’ या खटल्यात एका पियानोवरून हा प्रश्न हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. भाडेकरूने हप्ते चालू असतानाच पियानो गहाण टाकला होता. खरेदीचे बंधन त्याच्यावर नसल्याने मालकी मूळ मालकाचीच, असा निर्णय झाला आणि सावकारांना भक्कम आधार मिळाला.

९/ भारतात लॉरी हे मोलाचे यंत्र; लॉरीवाल्याकडे बहुधा गहाण ठेवण्याजोगी जमीन नसे. मग गाडीच तारण! १९५४ साली मद्रासमध्ये सुंदरम फायनान्स उभी राहिली, ती मालवाहू गाड्यांच्या वित्तपुरवठ्यावर. १९७९ साली श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्स आली. जुन्या, वापरलेल्या ट्रकना कर्ज देण्याचे, म्हणजे बँका ज्याला हात लावायला कचरत ते काम तिने मोठ्या प्रमाणावर केले.

१०/ याच सुमारास महाराष्ट्राच्या भाषेत एक शब्द रुजत होता. हॅम्बुर्गच्या ‘टेम्पो’ कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पोने तीनचाकी मालवाहू गाडी भारतात आणली. ते व्यापारी नाव इतके रुळले की, मराठीत कोणत्याही छोट्या मालगाडीला आपण आजही ‘टेम्पो’च म्हणतो. २००५ मध्ये टाटांचा ‘एस’ आला, त्याला लोकांनी ‘छोटा हत्ती’ केले.

११/ १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. लहान वाहतूकदार हा अग्रक्रमाच्या कर्जाचा धनी ठरला. एका गाडीचा मालक, तोच तिचा चालक, असा नवा वर्ग उभा राहिला. गाडी आली ती धंद्यासाठी; पण अंगणात उभी राहिल्यावर ती घरचीही झाली.

१२/ कायद्याचा हात मात्र आखडताच राहिला. भाडेखरेदी करणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा संसदेने १९७२ मध्ये संमत केला. तो कधीच अमलात आला नाही आणि २००५ मध्ये रद्दच झाला. हप्ता थकला की दांडगे लोक येऊन भर रस्त्यात गाडी ओढून नेत. अशा बळजोरीच्या वसुलीवर सर्वोच्च न्यायालयाला २००७ मध्ये कठोर शब्दांत ताशेरे ओढावे लागले.

१३/ आता विम्याकडे वळू. ब्रिटनने १९३० च्या कायद्याने त्रयस्थाचा, म्हणजे थर्ड पार्टीचा विमा सक्तीचा केला. भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तसे प्रकरण घातले गेले, पण ते लागू झाले १ जुलै १९४६ रोजी. १९७३ च्या आरंभापासून सर्वसाधारण विमा सरकारी झाला आणि १०७ विमा संस्था चार कंपन्यांत विलीन झाल्या.

१४/ सक्तीचा विमा मालकासाठी नव्हता; तो रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी होता. गाडीखाली सापडलेल्या पादचाऱ्याला, मालक कफल्लक असला, तरी भरपाई मिळावी, हा त्यामागचा उदात्त हेतू. पण गाडीच्या आत बसलेला? १९३९ च्या कायद्यात भाडे देणारा प्रवासी आणि नोकरीच्या नात्याने प्रवास करणारा यांची सोय होती. फुकट बसलेल्याची नव्हती.

१५/ याच कायद्यात मालगाड्यांचे दोन वर्ग होते: भाड्याने परक्याचा माल वाहणारी ‘पब्लिक कॅरिअर’ आणि केवळ स्वतःचा माल वाहणारी ‘प्रायव्हेट कॅरिअर’. जुन्या चित्रपटांतील ट्रकच्या कपाळावरची ‘पब्लिक कॅरिअर’ ही अक्षरे आठवतात ना? ती नक्षी नव्हती, कायद्याची खूण होती. १९८८ च्या कायद्याने हे वर्ग पुसले. विम्याच्या दरपत्रकात मात्र ते २००२ सालीही टिकून होते.

१६/ कागदावर एवढे बारकावे असताना रस्त्यावर काय चालले होते? लग्नाचे वऱ्हाड टेम्पोत, जत्रेची मंडळी टेम्पोत, बाळंतीण तालुक्याच्या दवाखान्यात नेली तीही टेम्पोत. जिथे एस.टी. दिवसातून एकदा येई, तिथे हौद्यात बसणे ही चैन नव्हती, गरज होती. पॉलिसीवर मात्र ‘वापराची मर्यादा’ या मथळ्याखाली लिहिलेले असे: केवळ मालवाहतूक.

१७/ फुकट बसलेल्या प्रवाशाचा प्रश्न एका अपघाताने ऐरणीवर आला. १९६० साली नागपूर–पांढुर्णा रस्त्यावर एका कंपनीच्या मोटारीतून जाणारा गृहस्थ दगावला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले. पण सक्तीच्या विम्यात असा प्रवासी येत नाही, असेही सांगितले. त्या पॉलिसीत प्रवाशांसाठी वेगळे कलम होते, म्हणून तेवढ्या मर्यादेपुरती विमा कंपनी बांधली गेली.

१८/ १९८८ च्या नव्या कायद्यात ‘कोणतीही व्यक्ती’ असे व्यापक शब्द आले. १९९९ मध्ये सत्पालसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अर्थ लावला की, यात मालगाडीतील फुकट प्रवासीही आला. हौद्यात बसलेल्या माणसाला कायद्याच्या कागदावर प्रथमच जागा मिळाली.

१९/ ती जागा तीन वर्षे टिकली. १९९४ च्या दुरुस्तीने ‘मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी’ असे शब्द मुद्दाम घातले गेले होते. डिसेंबर २००२ मध्ये आशा राणी खटल्यात न्यायालयाने आधीचा निर्णय फिरवला: मालगाडीत मालाबरोबर मालाचा धनी बसू शकतो, मालकाचा नोकर बसू शकतो, इतरांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही.

२०/ २००४ च्या बलजीत कौर निर्णयाने तत्त्व तेच ठेवले; पण कायदा तोवर संदिग्ध होता, हे मान्य करून विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग ती गाडीमालकाकडून वसूल करावी, असा मध्यममार्ग काढला. पीडिताला दिलासा मिळाला. पण विचार करा: वसुली कोणाकडून? ज्याच्या डोक्यावर आधीच टेम्पोचे हप्ते आहेत, त्याच्याकडून.

२१/ येथे कर्जाचा आणि विम्याचा धागा पुन्हा एकत्र येतो. भाडेखरेदीच्या कागदावर हप्ते फिटेपर्यंत मालक वित्तसंस्था. अपघाताच्या कायद्यात मात्र गाडी ज्याच्या ताब्यात, तोच ‘मालक’. गाडी चोरीला गेली, तर विम्याच्या पैशावर पहिला हक्क सावकाराचा. गाडीखाली कोणी सापडले, तर दायित्व हप्ते भरणाऱ्याचे. हक्क आणि जोखीम यांची वाटणी अशी झाली.

२२/ न्यायालयांनी दरवेळी अक्षरावर बोट ठेवले, असेही नाही. खासगी म्हणून नोंदलेली गाडी भाड्याने चालवताना चोरीला गेली, तेव्हा २००८ मध्ये न्यायालय म्हणाले की, वापराच्या अटीचा भंग आणि चोरी यांचा संबंध नाही. दाव्याच्या ७५ टक्के रक्कम द्या. आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठाने ठरवले की, हलक्या वाहनाचा परवाना असलेला चालक ७,५०० किलोंपर्यंतची मालगाडीही चालवू शकतो. तेवढ्या कारणाने दावा नाकारण्याची वाट बंद झाली.

२३/ म्हणून घरच्या वापरासाठी कोणी छोटी मालगाडी घेत असेल, तर इतिहासाचा धडा सरळ आहे. ३,००० किलोंपर्यंतच्या मालगाडीला वाहतूक परवाना लागत नाही. म्हणून ती कायद्याने ‘खासगी’ होत नाही. स्वतःचे सामान न्या, सोबत स्वतः बसा. वऱ्हाड मात्र हौद्यात बसवू नका. आणि कर्ज फिटले की आर.सी.वरचा बोजा उतरवून घ्या. ते आपोआप होत नाही.

२४/ याज्ञवल्क्यापासून घटनापीठापर्यंत मालाची किंमत प्रत्येकाने अचूक मोजली. मालावर बसलेल्या माणसाची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. आजोबांच्या पेटीत टेम्पोचे जुने कर्जपत्र किंवा पिवळी पडलेली पॉलिसी सापडली, तर रद्दीत टाकू नका. ‘वापराची मर्यादा’ हे कलम शोधा आणि आजोबांना विचारा, त्या गाडीतून कोण कोण गेले होते. तोही इतिहासच आहे.